नकाशात नसलेला ओढा

दाखला न्यायला गावच्या शाळेत गेले, तेव्हा बाई मोबाइल घेऊन मागच्या ओढ्याकाठी उभ्या होत्या. शिक्षकांच्या ग्रुपवर परिपत्रक आलं होतं: शाळेचा पट किती, आणि जवळची दुसरी शाळा किती अंतरावर? मोबाइलचा नकाशा ओढ्यावरून सरळ रेघ ओढून पलीकडच्या गावची शाळा अगदी जवळ दाखवत होता.

“पुलावरून तर किती लांब पडतं, बाई,” मी म्हटलं.

“ते लिहायला रकानाच नाही गं.”

“पण नुसती माहितीच मागितलीय ना?”

“वरच्या वाडीच्या शाळेकडेही आधी माहितीच मागितली होती. आता तिथल्या वर्गात कडबा भरलाय.”

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शाळा डोंगरासारखी कायम जागेवर असतेच, असं मला वाटायचं. कदाचित मी चुकत असेन, पण काही प्रश्न विचारले जातात तेव्हाच त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, अशी आता भीती वाटते.

आमचं बोलणं ऐकत पहिलीतली एक मुलगी जवळ आली होती. “पलीकडं जायचंय? मी जाऊन दाखवते,” म्हणत तिनं गढूळ पाण्यात पाय टाकलासुद्धा. बाईंनी तिचं मनगट पकडलं, आणि वर्गात पोचल्यावरही सोडलं नाही.