राघूमागचा रणगाडा

मामा बोटीवर इंजिनियर होता. तो वर्षातून एकदा यायचा आणि येताना प्रत्येकासाठी काहीतरी आणायचा. आईला काचेची भांडी, बाबांना दाढीची ब्लेडं आणि मला, मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून, इंग्रजी अक्षरं छापलेली कुठलीही वस्तू. एकदा त्याने मला जहाजाच्या पंपाचं माहितीपत्रक आणून दिलं होतं. मी ते वाचलं. बहुधा त्यामुळेच त्याचा धीर वाढला असावा. पुढच्या खेपेला त्याने एक खोका आणला. खोक्यावर धूळ उडवत येणाऱ्या रणगाड्याचं चित्र होतं.

"हे काय?" आईने विचारलं.

"रणगाडा. आत सुटे भाग आहेत, आपण जोडायचा."

"मुलीला रणगाडा?"

"अगं, तिला गप्प बसून करण्यासारखं काहीतरी हवं ना? हे बोलत बोलत करताच येत नाही."

लढाई नुकतीच संपली होती. पुण्याच्या रस्त्याने लष्कराच्या गाड्या जायला लागल्या की पनवेलचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन उभे राहत. अशा दिवसांत रणगाड्याला नाव ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून आईने फक्त "बरं" म्हटलं आणि काचेची भांडी आत नेली.

शाळेसाठी मी मुंबईत मावशीकडे राहिले होते. परत आले ती इंग्रजी घेऊन आणि बोलणं तिथेच ठेवून, असं बाबा म्हणत. ते तितकंसं खरं नव्हतं. मी तिथेही बोलत नसे, फक्त तिथे कुणी मोजत नव्हतं. पनवेलला मात्र माझ्या न बोलण्याची आळीभर चर्चा होती, कारण मला बघायला येऊन गेलेल्या दोन घरांनी नकार कळवला होता. पहिल्या घरातल्या बाईंनी "नाव काय गं तुझं?" असं विचारलं, तेव्हा मी मान हलवली होती. दुसऱ्या घरातल्या काकूंनी जाताना दारात आईला हळूच विचारलं, "ऐकू येतं ना हो तिला?" तेव्हापासून मी मुकी आहे, अशी कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या घराने असंच केलं तर पुढे कुणी येणारच नाही, ही आईची काळजी होती. ती मला बोलली नाही. पण भाजी चिरताना एकटीच बोलायची आणि मला ऐकू येत होतं.

मी दिवाणखान्यातल्या खिडकीपाशी टेबल घेतलं आणि रणगाडा जोडायला बसले. सगळे भाग हिरवट प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले होते. ते बाबांच्या नेलकटरने कापायचे, काड्यापेटीच्या खरखरीत बाजूवर घासायचे आणि नळीतल्या गोंदाने जोडायचे. गोंदाचा वास इतका उग्र होता की बाबांनी वर्तमानपत्र ओसरीवर न्यायला सुरुवात केली. चाकं मसुराएवढी होती. त्यातलं एक हरवलं आणि दुसऱ्या दिवशी आईला डाळ निवडताना सापडलं. "ही कुठली डाळ गं?" म्हणून ती ते उजेडात धरून बघत होती. चाकांवरून जाणाऱ्या रबरी पट्ट्यांची टोकं तापवलेल्या लोखंडाने दाबून जोडायची, असं खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी उलथणं तापवलं. त्या दिवशीच्या थालीपिठांना टायरचा वास आला. बाबांनी दोन खाल्ली आणि "वेगळी झालीत" एवढंच म्हणाले.

रंग मामाने आणला नव्हता. घराच्या खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, पण तो पोपटी होता. त्यात मी आईच्या डबीतलं काजळ आणि थोडा गेरू मिसळला, तेव्हा कुठे तो लष्करी झाला. आईने काजळ कोण संपवतंय याचा शोध लावला, तेव्हा ती दमून खाली बसली. "बाकीच्या मुली डोळ्यांत घालतात गं," ती म्हणाली.

मासे घेऊन येणारी बाई दारातून बघायची. "ताई, यो काय करतंस?"

"रणगाडा."

"मंग यो पान्यात जातो?"

"नाही."

"नाय? मंग कशाला रंगवतंस येवढा?" तिने तोंड वाकडं केलं आणि आईला बोंबलांचा भाव सांगितला.

तिसऱ्या घराचा निरोप आला तो ठाण्याहून. मुलगा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आता सगळी सूत्रं आत्याने हातात घेतली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पलीकडच्या आळीत राहायची आणि पनवेलमधली निम्मी लग्नं आपण जुळवली, असं तिचं म्हणणं होतं. ती आली ती बगलेत एक गुंडाळी घेऊनच.

मुलगी बघायला येतात तेव्हा तिच्या हातचं काही भरतकाम, मणीकाम दिवाणखान्यात मांडलेलं असायचं. माझ्या हातचा एक क्रोशाचा रुमाल होता. त्याला एकच कोपरा होता. आत्याने गुंडाळी उलगडली. दुसुतीच्या कापडावर टाक्याटाक्याने भरलेला मोठा राघू, चोचीत लाल मिरची. हा राघू मी ओळखत होते. पनवेलमधल्या प्रत्येक उपवर मुलीने तो भरला होता. म्हणजे भरला होता कधीकाळी कुणीतरी, आणि मग तो ज्या घरी पाहुणे येणार त्या घरी त्यांच्या आधी जायचा. आत्याच त्याची ने-आण करायची.

"मी हा भरलेला नाही," मी म्हटलं.

"मग तुला कुणी सांगायला सांगितलंय? तू फक्त गप्प बस. ते तर तुला येतं ना?"

खरी अडचण वेगळी होती. त्याच सकाळी मी रणगाड्याची तोफ जोडली होती. ती दोन अर्ध्या नळ्यांची असते. आधी त्या एकमेकींना चिकटवायच्या, मग रणगाड्याच्या वरच्या फिरत्या घुमटाच्या भोकात बसवायची आणि संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. पाहुणे त्याच दिवशी चारला येणार होते आणि टेबलावर पोहे मांडायचे होते. आत्या रणगाडा उचलून माळ्यावर टाकायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. मी कुणाचा हात धरलेला तिने कधी पाहिला नसावा. ती थांबली.

"मग कुठे ठेवू? डोक्यावर?"

शेवटी टेबलाशेजारच्या कोनाड्यात तो ठेवला आणि राघू पडद्यासारखा वरून खाली सोडला. कापड आणि तोफ यांत बोटभर अंतर राहिलं. वारा आला की राघूचं पोट आत जायचं आणि माझा जीव वर यायचा.

पाहुणे तिघे होते, मुलगा आणि त्याचे आईवडील. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, बसले आणि राघूकडे बघत राहिले. त्याचा भलताच अर्थ निघाला.

"राघू छान आहे. हिने भरलाय?" मुलाच्या आईने विचारलं.

"तिनेच हो!" आत्या म्हणाली. "डोळे लाल व्हायचे, पण उठायची नाही."

मुलाचे वडील चष्मा पुसून राघूकडे बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले. "अगं," ते बायकोला म्हणाले, "शेपटीपाशी डाग दिसतोय का?"

"तुम्ही पोहे खा."

"नाही, पण तो डाग माझा आहे. मागच्या महिन्यात त्या घरी नाही का, माझ्या हातून चहा सांडला? तिथे हा टेबलावर होता."

आईने पदर सारखा केला. आत्या मात्र कुठल्याही प्रसंगी अडायची नाही. "एकाच नमुन्यावरून भरतात हो सगळ्या मुली."

"नमुन्यात चहाही होता का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. त्यांना खरंच कुतूहल होतं.

मुलाची आई उठली. भरतकाम बघायचं तर उलट्या बाजूने बघतात, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पुढून सगळ्यांचेच राघू गोजिरवाणे असतात. गाठी, लोंबते धागे, आळस, सगळं मागे. तिने राघूचं खालचं टोक धरलं आणि त्याला उचलून पालथा केला. मागे धाग्यांचं जंगल होतं. आणि त्याच्याही मागे, कोनाड्यात, रणगाडा होता, तोफ थेट मुलाच्या वडिलांवर रोखलेली. ते नकळत खुर्चीत मागे सरले.

"हे कुणाचं?"

"ते तिच्या मामाचं," आत्या म्हणाली.

"खेळणं आहे," त्याच वेळी आई म्हणाली.

"माझा आहे," मी म्हटलं. "मी केलाय."

सगळे माझ्याकडे वळले, आईसुद्धा. तेवढ्यात मुलगा उठून कोनाड्यापाशी पोचलाही होता. "घुमट फिरतो का?" असं म्हणत त्याने हात पुढे केला.

"हात लावू नका! ओला आहे!"

हे मी ओरडून म्हटलं असं आई सांगते. मला वाटतं, मी साध्या आवाजात म्हटलं. काही असो, उशीर झाला होता. घुमट फिरला आणि तोफ त्याच्या बोटांत आली. तो कानापर्यंत लाल झाला.

"बोलते की हो मुलगी!" त्याची आई म्हणाली. नवऱ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "बोलते. आणि चांगलं खणखणीत बोलते." मग तिने रणगाडा तळहातावर घेतला आणि राघूला केलं तेच त्यालाही केलं, पालथा करून बघितला. खालून बारीक निरखत राहिली. "पोटाखालीही रंगवलाय. हे कोण बघणार होतं?"

"उचलला की दिसतं," मी म्हटलं.

तिने एकदा राघूकडे पाहिलं, एकदा रणगाड्याकडे, आणि तो जागच्या जागी ठेवला. "कळवतो" म्हणून तिघे गेले.

ते गेल्यावर तोफ सापडेना. मी कोनाडा पाहिला, टेबलाखाली पाहिलं, सतरंजी झटकली, पोह्यांच्या बशा पाहिल्या. आई दारात बसून होती. "तिसरं घरही गेलं," ती म्हणाली. "त्यांच्यावर ओरडलीस तू."

"आई, तोफ गेली."

"तोफेचं काय घेऊन बसलीस!"

आत्याने राघूची घडी घातली. घालताना तोही एकदा झटकून पाहिला. काही पडलं नाही.

आठवडाभर ठाण्याहून काहीच कळलं नाही. तोफेविना रणगाडा नाक कापल्यासारखा दिसत होता. मी दुसरी तोफ करावी म्हणून रिकामं रिफिल लावून पाहिलं. ते फार जाड झालं.

रविवारी दुपारी मुलगा एकटाच आला. उत्तर कळवायच्या आधी मुलाने एकट्याने यायचं, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. आत्या ओसरीवर नारळ खवत होती. ती विळीवरून उठलीच नाही.

"होकार का नकार?" तिने सरळ विचारलं.

"तोफ," तो म्हणाला, आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "त्या दिवशी गडबडीत खिशात राहिली. आईला शर्ट धुवायला टाकताना सापडली. म्हणाली, स्वतः नेऊन दे. आणि विचारूनही ये."

"काय विचारून ये?"

"मुलीला आम्ही पसंत आहोत का."

आत्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात हा प्रश्न आलेला नव्हता. तिने आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे, बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आधी तोफ चिकटू दे," मी म्हटलं.

मी गोंद लावला, तोफ भोकात बसवली आणि ती सरळ धरून ठेवायला त्याला सांगितलं. "हलवायची नाही." त्याने हलवली नाही. आईने चहा आणून समोर ठेवला. त्याचे दोन्ही हात अडकले होते, त्यामुळे तो चहाकडे नुसता बघत राहिला. बाबांनी हवापाणी विचारलं, बसला गर्दी होती का विचारलं. त्याने तोफेवरची नजर न काढता उत्तरं दिली. एकदा हळूच म्हणाला, "काजळ घातलंय ना रंगात?" मी मान हलवली. मग "हो" असंही म्हटलं.

गोंद सुकला. चहावर साय धरली होती. तोफ जराशी डावीकडे झुकली होती, पण ते त्याला सांगावंसं वाटलं नाही. तो अजून तशीच धरून बसला होता.

"सोडा आता," मी म्हटलं. आणि त्यालाच जोडून "हो" म्हटलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळ्यांना वाटलं मी तोफेबद्दलच बोलतेय. त्यामुळे पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

लग्न ठरल्यावर काही दिवसांनी आत्या रिकामी पिशवी घेऊन आली. तिच्या आळीतल्या एका मुलीला बघायला कल्याणचे लोक येणार होते. डागाची गोष्ट सगळीकडे झाली होती, राघू आता चालत नव्हता. तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं.

"दोन दिवसांसाठी दे. तोच आण म्हणतायत सगळ्या."

"नाही," मी म्हटलं.

"अगं, नुसता ठेवायचा. कुणी हात लावणार नाही."

"नाही आत्या. तिला काय करता येतं ते तिला विचार."

आत्याने रिकामी पिशवी झटकली, तिची घडी केली आणि आत जाऊन आईपाशी बसली. "बोलत नव्हती तेव्हा जास्त गुणी होती तुझी मुलगी," ती म्हणाली. आई काजळाची नवीन डबी उघडत होती. तिने ती लगेच मिटून कमरेला खोचली.