संजीवनी सिस्टरची मुंगी

संजीवनी सिस्टर मूळची धाड गावची. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांचा वॉर्ड तिच्या गळ्यात पडला, तेव्हापासून सुई टोचण्याआधी ती प्रत्येक लेकराला एकच सांगते, "मुंगी चावते, बस. शहाणं लेकरू मुंगीले भेत नाही." या मुंगीच्या जोरावर तिने अख्खा वॉर्ड रेटला. दुसरं हाताशी होतंच काय? दुखणं कमी करायच्या औषधाची बाटली आली तर आली, नाहीतर 'मागणी पाठवली आहे' हे उत्तर तयार. आलीच, तर डॉक्टर अविनाश यांचा नियम, जे लेकरू जास्त रडेल त्याला आधी. मला हा नियम ऐकूनच संताप येतो.

डिंपल देऊळघाटची, पाच वर्षांची. उकळतं वरण सांडून पाय मांडीपासून भाजलेला. रोज पट्टी बदलताना ती आजीचा पदर दातांत धरायची आणि हूं की चूं करायची नाही. "गुणाची पोरगी," असं सगळे म्हणायचे आणि औषध शेजारच्या खाटेवर जायचं.

एका सकाळी ती आजीला म्हणाली, "आजी, मुंग्या चावून राह्यल्या."

आजीने, सोजराबाईंनी, चादर झटकली, गादी उलटून पाहिली. वॉर्डबॉय पुंजाजी मुंग्यांचा खडू घेऊन आले आणि खाटेच्या चारही पायांभोवती रेघा ओढून गेले. सिस्टर आली ती आजीवरच करवादली, "खाटेवर लाडू खाऊ देता, मंग मुंग्या नाही येतीन त काय?"

"कुठी हायेत मुंग्या? मले त एकबी दिसत नाही," सोजराबाई म्हणाल्या.

सिस्टर पट्टी सोडायला वाकली, तेव्हा डिंपल हळूच म्हणाली, "सिस्टर, तुमचीच मुंगी हाय न. ते जातच नाही. पायात बसून राह्यली."

सिस्टरचा हात थांबला. आपणच शिकवलेला शब्द आपल्यालाच कळू नये, याची तिला भयंकर चीड आली. ती तशीच डॉक्टरांकडे गेली.

"सर, डिंपलला फार दुखतंय. औषध द्या."

"रडत तर नाही ती." डॉक्टरांना जेवायलाही फुरसत नव्हती. "अर्धी बाटली आहे, सिस्टर. कुणाचं काढून कुणाला देऊ?"

परत येऊन सिस्टर डिंपलच्या उशाशी बसली.

"उद्या पट्टी सोडतांनी जोरानं रडजो."

"मंग मी गुणाची नाही राहणार?"

"नको राहू, माय. गुणाच्या पोरीले इथं काही भेटत नाही."

दुसऱ्या दिवशी पट्टीला हात लागताच डिंपलने वॉर्ड डोक्यावर घेतला. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "हिला आधी द्या."

पण बाकीच्या लेकरांच्या आयांनाही कान होते. शेजारचा शिवम सुरू झाला, मग समोरची मयुरी. कोण दुखतंय म्हणून रडतं आणि कोण आईने सांगितलं म्हणून, हे आता देवालाही कळलं नसतं. दुपारपर्यंत सगळ्या खाटा रडत होत्या.

"आज काय झालंय सगळ्यांना?" डॉक्टरांनी वैतागून विचारलं.

संजीवनीने रिकामी बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"काही नाही, सर. मुंग्या चावतायत."