पवनीहून जुन्या किनाऱ्यापर्यंत

पवनीच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे. लाटा कडे कशा कापतात, हिमयुगात पाणी बर्फात अडकलं की समुद्र कसा मागे हटतो, हे फळ्यावर काढून दाखवायचे. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. १९८३ साली यांची बदली सिहोऱ्याला झाली आणि मी नोकरी सोडून सोबत जायचं, असं घरात जवळपास ठरलं. मी म्हटलं, सोडायचीच तर आधी समुद्र पाहीन. यांना रजा मिळेना. तेव्हा सासूबाईच पुढे झाल्या, "चाल, मी येतो तुयासंग. मलेबी पाह्याचा हाय."

मे महिन्यात, धानाची कामं सुरू व्हायच्या आत निघालो. पवनीहून एसटीने भंडारा, मग वरठीच्या स्टेशनवरून मुंबईची गाडी. सोबत दशम्या आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते; हे वडे दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात. मुंबईत न रेंगाळता श्रीवर्धनची एसटी धरली. वळणावळणाचा रस्ता आहे, लिंबू जवळ असू द्या. किनाऱ्यावरच्या एका गावात एका काकूंकडे खोली आणि जेवण स्वस्तात मिळालं. ताटातला जाड, लालसर भात पाहून सासूबाईंनी समुद्राआधी त्याचीच चौकशी केली, "हे धान कोन्तं जी?" दोघींच्या गप्पा बराच वेळ रंगल्या.

सकाळी ओहोटी होती. कड्याखाली खडकाचा सपाट ओटा दूरवर उघडा पडला होता आणि कड्याच्या पायथ्याशी लाटांनी पोखरलेली लांब खोबण. मी तिच्यातून हात फिरवत राहिले. फळ्यावर इतक्यांदा काढलेली रेघ बोटांना खरखरीत लागत होती. त्या नादात टेकाडाला वळसा घालून आम्ही बरंच पुढे गेलो.

परतायला वळलो तर ओटा पाण्याखाली गेलेला! तुम्ही जाल तेव्हा भरतीची वेळ गावात विचारूनच उतरा; आम्हाला ते सुचलं नव्हतं. पाणी पोटऱ्यांशी आलं, सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. वर पाहिलं तर पुरुषभर उंचीवर तसाच एक दुसरा ओटा दिसला, कोरडा, कडेला गवत उगवलेला.

"आई, वर चढा!"

मी खालून आधार दिला, त्यांनी वरून मला ओढलं. गुडघे खरचटले, पण बसायला ऐसपैस जागा मिळाली. खाली लाटा आपटत होत्या.

"इथं नाही येनार नं पानी?" त्यांनी विचारलं.

"आता नाही. पण हा ओटाही समुद्रानेच कापला असणार. कधीकाळी पाणी इथवर होतं. मग हिमयुग आलं, बर्फ साठला, समुद्र पार तिकडे आत गेला. बर्फ वितळल्यावर परत आला."

"मंग आपन जुन्या समुद्राच्या काठावर बसून राहिलो?"

"हो."

त्या खळखळून हसल्या. मग एकेक विचारत गेल्या. बर्फ किती? माणसं होती काय? समुद्र गेला तेव्हा तिथं झाडं उगवली असतील नं? दुपार कलेपर्यंत पाणी ओसरलं नाही आणि त्यांचे प्रश्नही संपले नाहीत. उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, "नोकरी कायले सोडतं वो? पोरायले हे कोन सांगंल? मी बोलतो त्याच्याशी."

घरी आल्यावर त्या खरंच बोलल्या. हे शनिवारी सिहोऱ्याहून येऊ लागले, मी पवनीतच राहिले, पुढे निवृत्त होईपर्यंत. त्या प्रवासातलं काय उरलं, असं आज कुणी विचारलं तर मला समुद्रापेक्षा परतल्यानंतरची एक संध्याकाळ आठवते. वैनगंगेला पाणी कमी होतं. सासूबाई काठाच्या उंच दरडीतले मातीचे आणि गोट्यांचे थर न्याहाळत थांबल्या.

"सुमन, हे नदीबी कवा तरी वर वाहत असंल काय?"

"असेल, आई."

"मंग चाल, जवळून पाहू," म्हणाल्या आणि लुगडं खोचून माझ्या पुढे उतरू लागल्या.