सात नंबर आधी

वॉर्डात तिला सगळे मास्तरीण म्हणत. नवी पोरगी ड्यूटीवर आली की ही तिला बाजूला घेऊन सगळं समजावणार आणि शेवटी विचारणार, "आता तू सांग बघू." पोरीनं सगळं परत म्हणून दाखवेपर्यंत सुटका नाही. शिकवायची हौस होतीच. पण खरं सांगायचं तर कंबर गेली होती. वर्षानुवर्षं पेशंट उचलले की कंबर जाते, त्यात सेवाव्रत वगैरे काही नाही. नर्सिंग शिकवण्याची पदव्युत्तर पदवी घेतली की कॉलेजात लागता येईल, चार घटका बसता येईल, एवढाच विचार.

प्रवेश मिळाला. फी कुठून आणायची?

तिचा पगार सरकारी शिष्यवृत्तीला जास्त ठरला आणि बँकेच्या कर्जाला कमी. एकाच पगाराला दोन मापं! हॉस्पिटल बिनपगारी रजा द्यायला तयार होतं; म्हणजे जा बाई, पण आमच्या जिवावर नको. नणंद म्हणाली, "वहिनी, या वयात? आधी लेकीचं शिक्षण की तुझं?" मास्तरीण पुढचा फॉर्म भरायला लागली. 

शेवटी एक ट्रस्ट उरला. त्यांच्या वयाच्या अटीत ती यंदापुरतीच बसत होती. आणि मुलाखत नेमकी नाइट ड्यूटीनंतरच्या सकाळी. ड्यूटी बदलून मागितली तर इन्चार्ज म्हणाली, "माणसं कुठून आणू? कुंडीत लावू?"

आदल्या संध्याकाळी निघताना तिनं रोजच्यासारखं नवऱ्याला बजावलं, "आईंची गोळी जेवणानंतर. टाकी भरली की मोटर बंद करा." नवरा कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता, दुरुस्तीचं दुकान बाहेर, पसारा घरात.

"हं," तो म्हणाला. हं म्हणजे काहीही ऐकलेलं नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक.

सकाळी ट्रस्टच्या ऑफिसात बाकावर बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. शिपायानं हाक मारली तशी ती दचकून उठली, आत गेली. टेबलामागे तीन माणसं ओळीनं बसलेली. सकाळी पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना व्हायचं, तसं तिचं तोंड आपोआप सुरू झालं:

"सात नंबर आधी. कालचं पोटाचं ऑपरेशन. बीपी ठीक आहे, पण नाडी पहाटेपासून वाढतेय, लघवी कमी झालीय. डॉक्टर बघून गेलेत. लक्ष ठेवा."

मधल्या बाई निवृत्त मेट्रन होत्या. त्यांच्याही तोंडून सवयीनंच निघालं, "ड्रेसिंग भिजलंय का?"

"नाही मॅडम, कोरडं..." म्हणता म्हणता मास्तरीण भानावर आली. "अगं बाई!" आपण कुठे उभ्या आहोत ते कळलं. संपलं सगळं.

मेट्रनशेजारचे ट्रस्टचे हिशेबनीस हसू दाबत म्हणाले, "पण सात का आधी? एकपासून का नाही?"

शरमेपेक्षा सवय जबर. "जास्त काळजीचा पेशंट आधी सांगायचा. ऐकणाऱ्याचं डोकं तेव्हाच ताजं असतं."

"बीपी तर ठीक आहे म्हणालात."

"तिथंच फसायला होतं. आत रक्तस्राव होत असला तर शरीर आधी नाडी पळवतं आणि बीपी सावरून धरतं. ते पडायची वाट बघाल तर उशीर झाला समजा. आता तुम्ही सांगा बघू."

हिशेबनीसांनी मेट्रनकडे मदतीसाठी पाहिलं. मदत मिळाली नाही. मग त्यांनी ऐकलेलं परत सांगितलं. लघवीचं विसरले, तिनं पुन्हा सांगायला लावलं.

"आम्ही फक्त फी देतो," शेवटी मेट्रन म्हणाल्या. "दोन वर्षं घर कसं चालवणार?"

"नीट माहीत नाही. नवऱ्याचं दुकान आहे, ओढाताण होईल. पण फीच नसेल तर तो प्रश्नच नाही."

मेट्रननी अर्जावर सही केली.

दुपारी ती घरी पोचली, तेव्हा नवरा त्याच मिक्सरपुढे.

"काय झालं?"

"फी मिळाली. पगार नाही. दोन वर्षं सगळं तुमच्या दुकानावर."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं."

आनंद करायलाही अंगात जोर लागतो. ती तशीच आडवी झाली. "संध्याकाळी उठवा, रात्री परत ड्यूटी आहे. आईंची गोळी..."

"हं."

"हं नाही. आता तुम्ही सांगा बघू."

त्यानं मान वर केली. "तुला संध्याकाळी उठवायचं. आईची गोळी जेवणानंतर. आणि मोटर..." तो जरा थांबला. "मोटर मघाशीच बंद केली."

पण हे ऐकायला मास्तरीण जागी नव्हती.