उरलेला माल परत

जालन्याजवळच्या एका द्राक्षमळ्यात वाइन चाखवतात असं कळलं म्हणून मी गेलो. रांगेत माझ्यापुढे टोपीवाले एक काका होते. जुन्या जालन्यात आपली धान्याची आडत आहे, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. शर्टाच्या खिशात ज्वारीचे दाणे होते. मधूनच एखादा दाढेखाली धरून कट्‌कन फोडायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "वाळलाय बराबर."

वाइन चाखवणाऱ्या ताईंनी त्यांच्या पेल्यात दोन घोट ओतले. काकांनी पेला उजेडाकडे धरला, थोडी वाइन तोंडात घोळवली, डोळे मिटून गिळली. मग उरलेली शांतपणे बाटलीत परत ओतली. थेंबही सांडला नाही.

ताई बघतच राहिल्या. "काका, परत नाही ओतायची."

"का बरं? नमुना बघून झाला. उरलेला माल पोत्यात वापस टाकायचा असतो."

"नको असली तर इथं टाका. तोंडातलीसुद्धा थुंकली तरी चालते." त्यांनी बादली दाखवली.

काका बादलीत वाकून बराच वेळ बघत राहिले. "तोंडातलं थुंकायचं, अन् हातातलं वापस करायचं न्हाई. उलटंच हाय की तुमचं."

ताईंनी बादली मागे सरकवली. त्या गोंधळात त्यांनी तीच बाटली उचलली आणि माझा पेला भरला.

काका माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, जसा काही माल त्यांचाच होता.

मी प्यालो. म्हटलं, "बराबर आहे."