मायक्रॉन, रांगोळी आणि हलगी

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मला चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. वाटलं होतं, सर्टिफिकेट घेऊन परत येईन. सर्टिफिकेट एकच मिळालं राव, किस्से मात्र पोतंभर! कट्ट्यावर एक सांगायला घेतला की मागून दुसरा ढकलत येतो.

*

पहिला दिवस. मोजमापाची लॅब, एसी वीस डिग्रीवर. लॅबच्या इन्चार्ज शेख मॅडम. त्यांनी माझ्या हातात एक स्टीलची रिंग दिली आणि म्हणाल्या, "मोज."

मी ती छान घट्ट धरली, उलटसुलट करून पाहिली, मग मोजली. आधीच्या रिपोर्टपेक्षा पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारावे भाग, जास्त! मी ऐटीत म्हणाले, "मॅडम, पार्ट रिजेक्ट."

मॅडमनी रिंग टेबलावर ठेवली. "चहा पिऊन ये."

आले, पुन्हा मोजली. बरोब्बर! माझ्या तळहाताच्या उबेनं स्टील फुगलं होतं. प्रसरण मी पाचवीपासून पाठ करत आले होते, पण भेटलं तेव्हा ओळखलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "तू पार्ट नाही, स्वतःचा हात मोजलास!"

*

एकदा बाहेरून एक साहेब ऑडिटला आले. शेख मॅडम आणि मी लॅबमध्ये उभ्या. साहेबांनी दोघींवरून नजर फिरवली. "इन्चार्ज कुठं आहेत? बोलवा त्यांना."

"हो सर," म्हणत मॅडम बाहेर गेल्या. दार लागलं. दोन सेकंदांनी दार उघडून त्याच आत आल्या.

"नमस्कार. मी इन्चार्ज. बोला!"

साहेबांनी त्या दिवशी पुढचे सगळे प्रश्न फार हळू आवाजात विचारले.

*

खाली मशीनं चालायची त्या शॉपमध्ये तापकीर काका होते. गाव चऱ्होली, तीस वर्षं मशीनवर. ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "बेअरिंग जातंय हिचं."

मी सेन्सर लावला. रीडिंग एकदम नॉर्मल. "काका, सगळं ठीक आहे."

"न्हाई पोरी. आतून रडतंय."

मी मॅडमकडे गेले. वाटलं, माझीच बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघांचा निवाडा करायला मी कशाला? जा, अजून चार ठिकाणी सेन्सर लाव."

तिसऱ्या ठिकाणी आकडा एकदम वर उडाला! बेअरिंग खरंच जात होतं. मशीन वेळेवर थांबली. मी खाली मान घालून काकांकडे गेले, तर ते हसत म्हणाले,

"यंत्र चांगलं हाय तुझं. पर ताप बघायचा तर थर्मामीटर काखंत लावावा, चपलंत न्हाई!"

*

रविवारी शेख मॅडम एका शाळेत मुलींना विज्ञान शिकवायला जायच्या. मलाही ओढलं. मी तीस स्लाइड्स केल्या. मुलींनी शांतपणे पाहिल्या. प्रश्न? शून्य. येताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "तू दाखवलंस. त्यांच्या हातात काय दिलंस?"

पुढच्या रविवारी मी नुसती रांगोळी आणि एक आरसा नेला. ठिपक्यांची अर्धीच रांगोळी काढली आणि कडेला आरसा उभा धरला. पूर्ण कमळ दिसलं! मुलींनी गराडाच घातला. कुठं धरला की जुळतं, कुठं धरला की बिघडतं, तासभर तेच.

सातवीतली आरती मात्र विचारात पडलेली. शेवटी म्हणाली, "ताई, म्हणजे आरसा ठेवला तर आई रोज अर्धीच रांगोळी काढू शकते!"

त्या आठवड्यात तिच्या घरचा आरसा दारात होता म्हणे.

*

आणि हा माझ्या पप्पांचा.

कॉलेजात 'संस्कृतीतलं विज्ञान' असं प्रदर्शन होतं. पप्पा काळेवाडीजवळ पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला. लातूरकडच्या आमच्या गावी ते हलगी वाजवायचे. इकडे आल्यापासून ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर. मी मागितली तर चिडलेच.

"कशाला गं? गावात हलगीवाल्याला लोक उंबऱ्याबाहेर ठेवूनच बोलायचे. शहरात आलो ते हे इसरायलाच."

मी म्हणाले, "पप्पा, मला तापवता येत नाही. तुम्ही नसाल तर माझा प्रयोगच नाही."

पप्पा आले. इस्त्रीचा शर्ट घालून. कॉलेजच्या पार्किंगमध्ये कागद पेटवले तर वॉचमन बादली घेऊन धावला! आमच्या फिजिक्सच्या सरांनी त्याला थांबवलं. पप्पांनी हलगी जाळावर धरली, काढली, टिचकी मारली. पुन्हा धरली. दर टिचकीला माझ्या मोबाइलवर कंपनांचा आकडा चढत गेला.

"असं का होतं?" सरांनी विचारलं. मला नाही, पप्पांना.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडेच बोट केलं. मग तेच म्हणाले, "ओल गेली की कातडं आवळतं. आवळलं की आवाज चढतो. जास्त तापलं तर फाटतं."

"आणि पुरे झालं, हे कसं कळतं, सर?" आमच्या सरांनी विचारलं.

पप्पांनी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणाले म्हणून. मागे कुणीच नव्हतं.

मग त्यांनी वाजवली. अर्धं कॉलेज पार्किंगमध्ये!

 घरी आल्या आल्या पप्पांनी खिळा मागितला आणि बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर हलगी टांगली. शेजारचे भाऊ डोकावले. "हे काय? कुणाचं आणलं?"

"माझं हाय," पप्पा म्हणाले. "मी वाजवतो."