जात्यावरची झोप

काल पहाटे जोंधळे निवडले, जातं झाडलं आणि लेकीला हाक मारली. ती माझ्यासमोर बसून परीक्षेचा धडा ओवीच्या चालीत म्हणत दळत होती. मधेच आवाज थांबला, हात मात्र फिरत राहिला. बायांनो, पोर झोपेतच दळत होती!

संध्याकाळी मी कामावरून आले तशी ती म्हणाली, "माय, पेपरात येकच ओळ लिवली. मंग डोळाच लागला."

"बाईंनी उठवलं न्हाई?"

"उठवलं की. म्हणल्या, घरी काय जागरण गोंधळ हाय का गं?"

नापास झाली तर तिचे काका शाळा बंद करणार. हे गेल्यापासून मी सेलूच्या जिनिंगवर कापसाच्या कामाला दिवस उगवायच्या आत जाते, आणि जड जातं एकटीला ओढवत नाही. तुमच्या पोरी कधी झोपतात?

आज गणिताचा पेपर होता. पहाटे मी तिला पुन्हा जात्यावर बसवलं.